कॅलिब्रेशन यंत्राकडे सोपवताना: एका प्रयोगशाळेतले साडेपाच महिने

२०२४ च्या जून महिन्यात मुंबईतील आमच्या प्रयोगशाळेत मराठी वाचनाविषयीचा एक प्रयोग सुरू होता. पडद्यावर देवनागरीतला चार ओळींचा परिच्छेद दिसतो, समोर बसलेली व्यक्ती तो मनातल्या मनात वाचते आणि त्या वेळी तिची नजर कोणत्या शब्दावर किती काळ थांबली, कोठे पुढे सरकली आणि कोठून मागे वळली, हे आय ट्रॅकर टिपत राहतो. आमच्याकडे आयलिंक १००० प्लस हे यंत्र आहे. ते सेकंदाला १००० वेळा डोळ्याची स्थिती नोंदवते. मात्र या नोंदींना अर्थ यायचा असेल, तर वाचनाआधी प्रत्येक व्यक्तीचे कॅलिब्रेशन करावे लागते. ते काम हळूहळू माणसाच्या हातून काढून संगणकाकडे देण्यात माझे साडेपाच महिने गेले. सुरुवातीला मला वाटले होते की दोन आठवडे पुरतील. जे कोणी पुढे हे काम हाती घेतील, त्यांचा वेळ वाचावा आणि त्यांना कमी एकटे वाटावे, म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे आधी सांगते. यंत्र डोळ्यावर अदृश्य अवरक्त प्रकाश टाकते. कॅमेऱ्याला डोळ्याची बाहुली गडद दिसते आणि कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, त्या प्रकाशाचा एक लहानसा चमकता ठिपका दिसतो. नजर फिरली की बाहुलीचा मध्य आणि हा चमकता ठिपका यांच्यातले अंतर बदलते. या बदलाचा पडद्यावरील जागेशी असलेला संबंध मात्र प्रत्येक डोळ्याचा वेगळा असतो. म्हणून पडद्यावर एकामागून एक नऊ ठिपके दाखवायचे, व्यक्तीने प्रत्येकाकडे स्थिर पाहायचे आणि त्यावरून यंत्राने आपले समीकरण बसवायचे, याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यानंतर तेच ठिपके पुन्हा दाखवून समीकरण कितपत बरोबर बसले ते तपासायचे, हे झाले व्हॅलिडेशन. सरासरी चूक अर्ध्या अंशाच्या आत आणि कोणत्याही एका ठिपक्यावरची चूक एका अंशाच्या आत असावी, असा दंडक सर्वसाधारणपणे पाळला जातो (येथे अंश म्हणजे डोळ्यापाशी होणाऱ्या कोनाचे माप).

अर्धा अंश म्हणजे किती, हे आमच्या मांडणीत मोजून पाहिले, तेव्हा मला या कामाचे गांभीर्य कळले. आमचा पडदा २४ इंची आहे आणि वाचणाऱ्याचा डोळा त्यापासून ९३ सेंटिमीटरवर असतो. तेथे एक अंश म्हणजे पडद्यावर साधारण १.६ सेंटिमीटर, म्हणजेच ५९ पिक्सेल. आमच्या दोन ओळींमध्ये ११० पिक्सेलचे अंतर आहे. उभ्या दिशेने एका अंशाची चूक झाली, तर नजर कोणत्या ओळीवर आहे हेच सांगता येत नाही. त्यातून देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या वर चढतात, त्यामुळे दोन ओळींमधली मोकळी पट्टी आपल्याला वाटते त्याहून फार अरुंद असते. वाचक उकारावर थांबला की खालच्या वेलांटीवर, हा प्रश्न आमच्या संशोधनाच्या गाभ्याशी होता, आणि त्याचे उत्तर सुरुवातीच्या तीन-चार मिनिटांतल्या कॅलिब्रेशनवर अवलंबून होते.

जूनअखेरीस पहिल्या १४ सहभागी व्यक्तींच्या फायली मी उघडल्या. यंत्र प्रत्येक व्हॅलिडेशनचा निकाल फायलीतच लिहून ठेवते, पण तोपर्यंत आम्ही कोणी तो एकत्र करून पाहिला नव्हता. प्रयोग आम्ही तिघेजण आळीपाळीने घेत होतो. कोण चालवत आहे त्यावर निकाल ठरत होता, हे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर दिसले. एकाने यंत्राने ‘ठीक’ असा शेरा दिला तरी पुढे जायचे ठरवले होते. मी स्वतः ‘उत्तम’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा करीत होते आणि माझ्याकडच्या दोन व्यक्तींचे कॅलिब्रेशन सहा-सहा वेळा झाले होते. सहाव्या वेळेस आकडा चांगला दिसतो, पण तोवर डोळे थकलेले असतात आणि प्रयोग तर अजून सुरूही झालेला नसतो. आमच्यापैकी कोणीही निष्काळजी नव्हते, तिघांनी मनात धरलेली मापे वेगळी होती इतकेच.

१ जुलै रोजी आमच्या मार्गदर्शक मॅडमना तो तक्ता दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, “हे तुम्हा तिघांच्या मनातून बाहेर काढून लिहून काढा. लिहिलेले एकदा नीट जमले की मग संगणकाला सांगा.” त्या दिवशी मी दुसरे वाक्य अधिक मनावर घेतले. पहिले वाक्य अधिक महत्त्वाचे होते, हे कळायला सप्टेंबर उजाडला.

काम ८ जुलैला सुरू करायचे ठरले होते. त्या सोमवारी पहाटे सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, रुळांवर पाणी आले आणि लोकल बंद झाल्या. मी घरीच राहिले आणि तो दिवस नीतिशास्त्र समितीच्या, म्हणजे माणसांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, कागदपत्रांत घातला. ते बरेच झाले, कारण या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा काळ त्याच कागदांनी घेतला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. कॅलिब्रेशन कसे करता हा तांत्रिक तपशील आहे, त्यासाठी समितीकडे कशाला जायचे, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटले होते. परंतु सहभागी व्यक्तीला आपण काय करायला सांगतो, किती वेळ बसवतो आणि तिच्याविषयी कोणती नोंद ठेवतो, यातले काहीही बदलले तर तो मंजूर आराखड्यातला बदल असतो, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा बदलाला समितीची आधी मंजुरी लागते. मी १२ जुलैला अर्ज दिला. १९ तारखेला तो परत आला, कारण मराठी संमतिपत्राच्या नव्या परिच्छेदाचे उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून पुन्हा मूळ भाषेत केलेले भाषांतर, जोडलेले नव्हते. ते करून २२ जुलैला पुन्हा दिला. बैठक १४ ऑगस्टला झाली. समितीने दोन प्रश्न विचारले: अवरक्त प्रकाशाचा एकूण काळ वाढणार आहे का, आणि कॅलिब्रेशन अयशस्वी झालेल्या व्यक्तीला प्रवासखर्च मिळणार का. पहिल्याचे उत्तर मूळ अर्जात होते, तरी उत्पादकाचे सुरक्षिततेचे पत्र पुन्हा जोडावे लागले. दुसऱ्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते, आणि तो प्रश्न विचारल्याबद्दल मी त्या सदस्यांची आजही ऋणी आहे. आम्ही लिहून दिले की वाचन झाले किंवा न झाले तरी आलेल्या प्रत्येकाला ठरलेले ३०० रुपये मिळतील. मंजुरीचे पत्र २७ ऑगस्टला हाती आले. असा अर्ज करणाऱ्यांनी जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी दाखवणारा तक्ता जोडावा, उलट भाषांतर पहिल्याच वेळी द्यावे आणि समितीची पुढची बैठक कधी आहे हे कार्यालयात विचारूनच आपले वेळापत्रक आखावे. दूरध्वनीवरून विचारल्यास नीट उत्तर मिळेलच असे नाही, समक्ष गेलेले बरे.

मंजुरी येईपर्यंत मी सगळ्या चाचण्या स्वतःवरच करीत होते. त्यातही २५ जुलैला कॅमेऱ्याची केबल बिघडली. विक्रेत्याकडून बदली केबल यायला चार आठवडे लागले. दर आठवड्याला एक ईमेल आणि एक फोन, असा माझा नेम झाला होता. त्या काळात कॅमेऱ्याविना काम कसे चालू ठेवायचे, हे शिकले. यंत्राच्या मुख्य संगणकावर माऊसलाच डोळा मानण्याची सोय आहे. माऊस हलवला की नजर हलली असे यंत्र धरते. पायथॉन या संगणकभाषेतल्या पायलिंक या संचात तर यंत्र जोडलेलेच नसताना आज्ञावली चालवून पाहण्याची डमी अवस्थाही आहे. प्रयोगशाळेत एकच यंत्र असेल आणि त्यावर इतरांचेही प्रयोग चालू असतील, तर आज्ञावलीचा बहुतेक भाग या दोन सोयींवर लिहून होतो, हे आधी माहीत असते तर मी केबलसाठी इतकी व्याकूळ झाले नसते.

आज्ञावली लिहिताना मुख्य अडचण अशी होती की कॅलिब्रेशनचा पडदा उघडला की पुढचे नियंत्रण यंत्राकडे जाते आणि आपली आज्ञावली थांबून राहते. हाताने करताना आपण ‘सी’ दाबून कॅलिब्रेशन, ‘व्ही’ दाबून व्हॅलिडेशन सुरू करतो आणि ‘एंटर’ दाबून निकाल मान्य करतो. या कळा मुख्य संगणकावरून दाबता येतात, तशाच सहभागी व्यक्तीसमोरच्या संगणकावरूनही पुढे पाठवल्या जातात. कळा वाचणारे फलन (आज्ञावलीचा तेवढे एकच काम करणारा भाग) आपल्याला स्वतः लिहिता येते, हे लक्षात आल्यावर मार्ग सापडला: कोणीही कळ न दाबता ते फलनच योग्य वेळी ‘सी’ किंवा ‘व्ही’ दाबल्याचे यंत्राला कळवते. निकाल आला की तो वाचायचा, मापाशी ताडून पाहायचा आणि पुढची कळ ठरवायची. एका छोट्या गोष्टीने माझे दोन दिवस घेतले, तीही सांगते. यंत्रावर उघडल्या जाणाऱ्या फायलीच्या नावात आठापेक्षा जास्त अक्षरे चालत नाहीत. मी व्यक्तीचा क्रमांक, तारीख आणि प्रयत्नाचा क्रमांक अशी लांबलचक नावे तयार करीत होते आणि फाइल का उघडत नाही याचा शोध भलतीकडे घेत होते.

२ सप्टेंबरला पहिली स्वयंचलित आवृत्ती खऱ्या सहभागी व्यक्तींसमोर ठेवली. तीत ठिपके घड्याळावर चालत होते: नजर स्थिर झाली की यंत्राने तो ठिपका स्वीकारायचा आणि पुढचा दाखवायचा, दोन ठिपक्यांत किमान एक सेकंद. स्वतःवर घेतलेल्या चाचण्यांत हे सुरेख चालले होते. पण मी ते नऊ ठिपके शेकडो वेळा पाहिलेले होते. त्या दिवशी दादरहून एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. तिसऱ्या ठिपक्यानंतर त्या हनुवटीच्या आधारावरून डोके उचलून म्हणाल्या, “अहो बाई, मी पोहोचेपर्यंत तुमचा ठिपका पळतोय!” दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी त्यावर उपाय शोधला; पुढचा ठिपका कोठे येईल याचा अंदाज बांधून त्या आधीच तिकडे पाहू लागल्या. यंत्राने ती स्थिर झालेली नजर मुकाट्याने स्वीकारली. चूक दोन अंशांवर गेली. त्या दिवशी आलेल्या सहा व्यक्तींपैकी तिघांचे कॅलिब्रेशन शेवटी मलाच हाताने करावे लागले.

जे काम मी जुलैमध्ये करायला हवे होते, ते त्या रात्री केले, म्हणजे याविषयी आधी कोणी काय मोजले आहे ते नीट वाचले. निस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘बिहेविअर रिसर्च मेथड्स’ या नियतकालिकात नेमकी हीच तुलना केली आहे. ठिपका केव्हा स्वीकारायचा हे यंत्राने ठरवावे, प्रयोग घेणाऱ्याने ठरवावे, की पाहणाऱ्या व्यक्तीने स्वतः ठरवावे? सर्वांत अचूक निकाल तिसऱ्या पद्धतीने आले. विचार केला तर हे सहज पटते. आपण ठिपक्याकडे पाहत आहोत हे ज्याचे त्याला जितके ठामपणे कळते, तितके बाहेरच्या माणसाला किंवा यंत्राला कळू शकत नाही. मी घड्याळाकडे सोपवला तो नेमका असा भाग होता, की जो त्या व्यक्तीच्याच हाती असायला हवा होता. उलट चूक किती चालेल, किती वेळा प्रयत्न करायचा, केव्हा थांबायचे आणि काय लिहून ठेवायचे, हे आम्हा तिघांच्या मर्जीवर होते, आणि तेच आमच्या हातून काढून घ्यायला हवे होते. मॅडमचे ‘लिहून काढा’ तेव्हा नीट कळले.

७ तारखेला गणपती बसले आणि १७ ला अनंत चतुर्दशी झाली. त्या दहा दिवसांत सहभागी व्यक्ती मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी बाहेरच्या ढोल-ताशांनी हनुवटी जागची हलते, म्हणून प्रयोगाच्या वेळा रिकाम्याच ठेवल्या होत्या. त्या वेळात मी नवी आवृत्ती कागदावर लिहिली. आधी कागदावर, मग संगणकावर.

२० सप्टेंबरला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. सहभागी व्यक्तीच्या हातात देण्यासाठी एकच कळ असलेले साधन हवे होते. प्रयोगशाळांसाठी बनवलेले तयार बटण-खोके पुष्कळ महाग पडते. मी ४८० रुपयांना यूएसबीवर चालणारे अंकांचे छोटे कीपॅड आणि १५० रुपयांना लांब वायर घेतली. कीपॅडवरची मधली मोठी कळ सोडून बाकी सगळ्यांच्या टोप्या काढून टाकल्या आणि आज्ञावलीत त्या कळेला ‘स्पेस’चे काम दिले. इतर कोणतीही कळ यंत्रापर्यंत पोहोचू नये अशी गाळणीही लावली. तशी लावली नाही तर चुकून दाबलेल्या ‘एस्केप’ने सगळी प्रक्रिया मध्येच बंद पडते. कळ मऊ आणि आवाज न करणारी असावी, कारण दाबताना खांदा हलला की डोकेही किंचित हलते.

खिडकी पूर्वेकडे आहे आणि सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे सकाळच्या वेळी कॅमेऱ्यातले चित्र फिकट पडत असे. मंगलदास मार्केटमधून सहा मीटर जाड काळे कापड २१० रुपये मीटरने आणले आणि लोहार चाळीतून प्रकाश कमी-जास्त करता येणारा एक एलईडी दिवा ९५० रुपयांना घेतला. सगळे मिळून २,८४० रुपये झाले. रक्कम लहान असली तरी वस्तूला जीएसटी क्रमांक असलेले बिल लागते आणि त्यावर संस्थेचे नाव असावे लागते. लॅमिंग्टन रोडच्या पहिल्या दुकानात मी साधी पावती घेतली होती, ती लेखा विभागाने परत केली आणि बिलासाठी मला पुन्हा जावे लागले. पैसे हाती यायला ४० दिवस लागले.

२७ सप्टेंबरपासून चाललेल्या नव्या आवृत्तीत पुष्कळ बदल होते. त्यांतले जे खरोखर उपयोगी ठरले, त्यांविषयी सविस्तर लिहिते.

पहिला बदल ठिपक्याच्या आकाराचा. साध्या गोल ठिपक्यावर नजर त्याच्या कडेकडे भटकते. थॅलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्येच वेगवेगळे आकार तपासले होते. त्यात मोठे वर्तुळ, त्यावर अधिक चिन्ह आणि मध्ये बारीक ठिपका, असा एकत्रित आकार नजर स्थिर ठेवण्यास सर्वांत चांगला ठरला. तो आम्ही घेतला.

दुसरा बदल पार्श्वभूमीच्या उजेडाचा. आमचा कॅलिब्रेशनचा पडदा काळसर होता आणि परिच्छेद पांढऱ्यावर येत असे. काळोखात बाहुली मोठी होते, उजेडात आकसते. आकसताना ती सगळीकडून सारखी आकसत नाही, तिचा मध्य किंचित सरकतो. यंत्र मध्यावरूनच नजर काढत असल्याने डोळा जागचा हलला नाही तरी यंत्राला तो हललेला दिसतो. आम्ही दोन्हीकडे एकच फिकट राखाडी रंग ठेवला. पूर्वी पहिल्या परिच्छेदात नोंदलेली नजर खऱ्या जागेहून वर सरकलेली दिसत असे; ती जुनी, न उलगडलेली घसरण त्यानंतर बऱ्याच अंशी गेली. या एका गोष्टीसाठी कोणतीही आज्ञावली लागत नाही, म्हणून ज्यांना स्वयंचलित काहीच करायचे नाही त्यांनीही ती आजच करून पाहावी.

तिसरा बदल तपासणीचा. व्हॅलिडेशन त्याच नऊ जागी होते ज्या जागांवर समीकरण बसवलेले असते, आणि आमचा मजकूर तर त्या जागांच्या मध्ये होता. म्हणून यंत्राच्या व्हॅलिडेशननंतर परिच्छेदाच्या क्षेत्रात आणखी चार ठिपके दाखवायचे आणि तेथली उभी आणि आडवी चूक वेगवेगळी मोजायची, असे ठरवले. उभी चूक आमच्यासाठी अधिक घातक असल्याने तिची मर्यादा अधिक कडक ठेवली.

शेवटी नियम. सरासरी अर्धा अंश, कमाल एक अंश. बसले नाही तर दुसरा प्रयत्न. तरीही नाही तर दोन मिनिटे डोके उचलून विश्रांती आणि तिसरा प्रयत्न. त्यानंतर यंत्राने थांबून माणसाला बोलवायचे. प्रत्येक प्रयत्नाचा निकाल, नाकारलेला असला तरी, फायलीत राहणार. परिच्छेदांच्या मध्ये एकच ठिपका दाखवून घसरण तपासायची आणि ती एका अंशापलीकडे गेली तरच पुन्हा कॅलिब्रेशन घ्यायचे. हे नियम आम्ही छापून भिंतीवर लावले. आता आज्ञावली बंद पडली आणि हाताने करावे लागले, तरी तिघेही तेच नियम पाळतो.

ऑक्टोबरमध्ये १८ व्यक्तींवर जुनी आणि नवी पद्धत आलटून पालटून क्रमाने घेऊन पाहिली. ज्यांचे डोळे यंत्राला सहज दिसतात, त्यांच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नव्हता. ज्यांचे कठीण जाते, त्यांच्यात फरक होता, आणि मुख्य म्हणजे प्रयोग कोण घेत आहे यावरून आकडे ओळखता येत नव्हते. मला तेवढेच हवे होते. एवढ्या कमी लोकांवरून अधिक काही म्हणण्याचा माझा हेतू नाही.

आज्ञावलीला जे दिसत नाही, तेही याच महिन्यात कळले. काजळ लावलेल्या डोळ्यात यंत्र कधी कधी काजळाची गडद रेघच बाहुली समजते. आपल्याकडे काजळ इतके सवयीचे आहे की ‘मेकअप करून येऊ नका’ असे कळवले तरी काजळ मेकअपमध्ये मोडते असे कोणाला वाटत नाही. आम्ही निरोपात ‘काजळ’ हा शब्द स्पष्ट लिहिला आणि सोबत कापूस व खोबरेल तेल ठेवले. पुसल्यावर तेलाचा चकाकता थर पापणीवर राहू नये, म्हणून शेवटी ओल्या कापसाने टिपून घ्यावे लागते. बायफोकल चष्म्याची आडवी रेघ बाहुलीवरून गेली, तर तिचे दोन तुकडे दिसतात. अशा वेळी खुर्ची थोडी वर-खाली करून पाहावी. बाहेरच्या दमट हवेतून गार खोलीत आलेल्या माणसाला दहा मिनिटे बसू द्यावे, डोळ्यांचे पाणी आणि घाम निवळतो.

२४ ऑक्टोबरचा दिवस मात्र मला पुन्हा पुन्हा आठवतो. डोंबिवलीहून एक ७१ वर्षांचे आजोबा आले होते. वाचनाची आवड म्हणून त्यांनी स्वतःहून नाव दिले होते. वयामुळे त्यांच्या वरच्या पापण्या खाली आलेल्या होत्या आणि बाहुलीचा वरचा भाग झाकला जात होता. तिन्ही प्रयत्न गेले. नियमाप्रमाणे पडद्यावर मी लिहिलेले वाक्य आले: ‘कॅलिब्रेशन अयशस्वी’. मी पडद्याच्या मागे होते. पुढे येईपर्यंत ते वाक्य त्यांच्यासमोर अर्धे मिनिट तरी राहिले असेल. त्यांनी मला विचारले, “माझ्या डोळ्यांत काही मोठा दोष आहे का हो? खरे सांगा.” मी त्यांना कॅमेऱ्यातले चित्र दाखवले, पापणी कोठे येते आणि यंत्राला त्यामुळे काय दिसत नाही ते समजावले, ही तपासणी डोळ्यांच्या आरोग्याची नाही हे सांगितले. त्यांचे समाधान झाले असे ते म्हणाले. जाताना ३०० रुपये घ्यायला त्यांनी नकार दिला, “काम झाले नाही तर पैसे कसले?” समितीने तो प्रश्न विचारला नसता तर माझ्याकडे उत्तर नसते. मी त्यांना छापील नियम दाखवला, तेव्हा त्यांनी पाकीट घेतले.

हाताने कॅलिब्रेशन करताना आम्ही कधीच कोणाला ‘अयशस्वी’ म्हटले नव्हते. आम्ही म्हणत असू, “जरा खुर्ची पुढे घेऊ या”, “थोडे थांबू या”. नियम लिहिताना मी आकडे सगळे लिहिले आणि ही बोलण्याची रीत लिहायची राहिली. त्या संध्याकाळी पडद्यावर येणारे प्रत्येक वाक्य पुन्हा लिहिले. आता तेथे ‘आपण थोडी विश्रांती घेऊ या, आमचे सहकारी आपल्याशी बोलायला येत आहेत’ असे दिसते आणि त्याच क्षणी आमच्या बाजूला घंटी वाजते. सहभागी व्यक्तीला दिसणारा मजकूर बदलला, म्हणून पुन्हा समितीकडे जावे लागले. पण किरकोळ बदल पूर्ण बैठकीविना मंजूर करण्याची सोय असते, ती अर्जात मागावी लागते. दिवाळी मध्ये आल्यामुळे पत्र ११ नोव्हेंबरला मिळाले. तोपर्यंत नवे वाक्य वापरता येत नव्हते आणि जुने वापरवत नव्हते, म्हणून मधल्या सगळ्या वेळा आम्ही पुढे ढकलल्या.

पत्र आल्यानंतर नोव्हेंबरमध्ये काम सुरळीत चालले. २० तारखेला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती, एवढाच खंड पडला. १३ डिसेंबरला नियोजित ४८ व्यक्तींपैकी शेवटची व्यक्ती येऊन गेली. पहिल्या १४ जणांपैकी ज्यांची कॅलिब्रेशने नव्या मापात बसत नव्हती, त्यांच्या नोंदी विश्लेषणातून वगळायच्या की वेगळ्या ठेवायच्या, यावर मॅडमशी अजून चर्चा चालू आहे.

यंत्राशेजारी आम्ही एक साधी रेघांची वही ठेवली आहे. फायलीत जे येत नाही ते प्रयोग घेणाऱ्याने तीत हाताने लिहायचे. १३ डिसेंबरच्या पानावर माझ्या सहकाऱ्याच्या अक्षरात अशी नोंद आहे: ‘पहिला प्रयत्न ०.७, काजळ पुसले, दुसरा ०.४. कळ डाव्या हातात हवी होती, वायर पुरली नाही, टेबल सरकवले. पुढच्या वेळी लांब वायर.’